पिंपरखडीचा कोंडवाडा

मलकापूर (कराड), दवाखान्यातून
२४ नोव्हेंबर २०२३

बिराप्पा,

पत्राच्या डोक्यावर ‘अनेक आशीर्वाद’ लिहायची माझी सवय तुला माहीत आहे. आज ते हाताला येत नाही. सोमवारी तू पाडलेल्या दगडानं माझ्या डाव्या खांद्याची दोन हाडं मोडली आहेत. उजवा हात शाबूत आहे, म्हणून हे लिहिते.

डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? मी म्हटलं, पायरीवरून घसरले. ते म्हणाले, “बाई, पायरीनं एवढं होत नाही.” मी म्हटलं, आमच्याकडच्या पायऱ्या उंच असतात. मग हवालदार आला, त्यालाही तेच सांगितलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगायचं कुणाला? पण म्हणून मी तुला सोडलं असं समजू नकोस. एकसष्ट वर्षांची झाले तरी मी तुझी थोरली बहीण आहे, आणि पस्तीस वर्षं झेडपीच्या शाळेत पोरं सरळ केली आहेत.

तू माझा फोन घेत नाहीस. घेतलास तर कापतोस. पत्र निदान हातात तरी धरावं लागतं.

सोमवारी तू ड्रायव्हरला उतरवून स्वतः जेसीबीवर बसलास. मी कोंडवाड्याच्या दारात उभी होते. तू वरून ओरडलास, “आक्का, बाजूला हो. न्हाईतर तुझ्यासकट पाडतो.” मी म्हटलं, “पाड.” मला वाटलं होतं तू थांबशील. तू बकेट चौकटीच्या कोपऱ्यावर घातलीस. तीन दगड निखळले, त्यातला एक माझ्यावर आला. तू खाली उडी मारलीस तेव्हा मला वाटलं, आता उचलतोय. तुझ्या हातात पहार होती. ती तू माझ्या डोक्याशेजारी भिंतीत एवढ्या जोरानं मारलीस की ठिणग्या माझ्या लुगड्यावर पडल्या. स्वप्नाली तुझा हात धरायला धावली, तर पोटच्या पोरीला तू बाभळीच्या काटेरी शिऱ्यांत ढकलून दिलंस. अख्खा धनगरवाडा बघत होता. एकही माणूस जागचा हलला नाही.

तुला एक दिसलं नसेल, म्हणून सांगते. समोर पिंपळाखाली हंबीरराव खुर्ची टाकून बसला होता. हातात चहाची बशी होती. आणि तो हसत होता.

ज्या माणसानं आपल्या बापाला त्या भिंतीच्या आत मारलं, त्याच्याच पोराकडून तू ती भिंत पाडायचा ठेका घेतलास. सरपंच कागदावर संयोगिता, पण कारभार तिच्या नवऱ्याचा, हंबीररावाच्या उदयसिंहाचा. त्याला तिथं बारा गाळे बांधायचे आहेत. शेजारच्या गावात बांधलेल्या गाळ्यांत आज कुत्री वितात, ते त्याला दिसत नाही. आणि तू? सांगलीच्या दोन महापुरांनंतर पडायला आलेली निम्मी घरं तू उतरवलीस, पाडण्यात तुझा हात धरणारं कुणी नाही, कबूल. पण हे काम तू धंदा म्हणून घेतलेलं नाहीस. ते मला समजतं. मला सगळं समजतं.

मी काही सांगितलं नाही तरी रक्त सांडल्याचं गावभर झालं, म्हणून तहसीलदारांनी काम थांबवलंय. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ठरेल. पाडायचा की दुरुस्त करून वापरायचा. धनगरवाड्याची चाळीस घरं तू म्हणशील तसा हात वर करतील, कारण तिथं बाप तुझा मेलाय. माझाही मेलाय, पण बाईचं कोण धरतं?

स्वप्नालीनं केलेला दुरुस्तीचा नकाशा सोबत पाठवते. फाडायच्या आधी एकदा बघ.

तुझी आक्का


पिंपरखडी
१२ डिसेंबर २०२३

बिराप्पा,

माझं पत्र चार तुकडे करून त्याच पाकिटातून परत आलं. वर तिकीट मात्र नवीन लावलंस. नकाशा तेवढा आला नाही. तो तू ठेवलास की जाळलास, देव जाणे.

स्वप्नाली इथंच आली आहे. ओठ सुजलाय. मी विचारलं नाही, तिनंच सांगितलं की तू विचारलंस, “कुणाची बाजू?” आणि तिनं “भिंतीची” म्हटल्याबरोबर कानाखाली दिलीस. चांगलं शिकवलंस रे पोरीला. पुण्यात जुन्या इमारती वाचवून कामाला लावायचं काम करते, लोक तिला लांबलांबून बोलावतात, आणि बापाच्या घरी ती मार खाते. तुझा हात लवकर उठतो हे मला माहीत आहे. तो कुठून आला तेही माहीत आहे.

तू कधी तिथल्या गोष्टीचं नाव काढू देत नाहीस. आज मी काढणार आहे. फाड हवं तर, पण फाडताना एखादी ओळ तरी डोळ्यांखालून जाईलच.

शाळू हुरड्यात आला होता. साल चौऱ्याहत्तरचं, आता महिनाही हाच. मी बारा वर्षांची, तू नऊ. लालासाहेबांच्या रानात आपली मेंढरं बसवायची ठरली होती. खत त्यांना, धान्य आपल्याला. आपल्याकडची रीत तुला ठाऊकच आहे: ज्याच्या रानात मेंढरं बसवायची, तो बांधाच्या कोपऱ्यावर लिंबाची डहाळी रोवून ठेवतो आणि दिवस बुडताना कळप त्या डहाळीवर जातो. आबा पुढं मेंढरांचा वाडा लावायला गेले होते. कळप आपल्या दोघांकडं होता. डहाळी चुकली. लालासाहेबांची डहाळी ओढ्यापलीकडं होती. अलीकडं हंबीररावाच्या बांधावर जी डहाळी होती, ती पाणाड्यानं विहिरीची जागा दाखवायला रोवलेली होती. मेंढरं हंबीररावाच्या उभ्या शाळूत शिरली, आणि त्यानं ती कोंडवाड्यात घातली.

पुढचं मी भिंतीच्या फटीतून पाहिलंय. कोंडवाड्याच्या मागच्या भिंतीला वाऱ्यासाठी तीन उभ्या फटी आहेत. आबा मेंढरं सोडवून आणायला आत गेले आणि हंबीररावानं बाहेरून दार लावून घेतलं. मग हसत आत आला. तेव्हा तो बावीस-तेवीस वर्षांचा, पैलवानकी करणारा. दाराचा लाकडी अडसर त्यानं काढला आणि पहिला घाव गुडघ्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मेंढरांच्या ओरडण्यातूनही ऐकू आला. आबा खाली पडले तेव्हा बिथरलेली मेंढरं त्यांच्यावरून गेली. पुन्हा उठवलं, पुन्हा मारलं. बरगड्यांत मारलं. “शाळू खातुयास व्हय? खा!” म्हणत तोंडात माती आणि लेंड्या कोंबल्या. दोन दिवस, दोन रात्री ते आत होते. गावातलं कुणी दार उघडायला आलं नाही. तिसऱ्या दिवशी सोडलं, ते घोंगड्यात घालून आणावं लागलं. अकराव्या दिवशी आबा गेले. नोंदीत काय लिहिलं? ताप.

आणि त्या अकरा दिवसांत आबा तुझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. “माझ्याम्होरं येऊ नगंस,” एवढं म्हणाले आणि तोंड फिरवलं. आईनं तुला दाव्यानं मारलं. चुलत्यांनी मारलं. तू वाड्याबाहेर कुत्र्यांजवळ झोपायचास. माती लोटायला तुला बोलावलं तेव्हा तुझ्या मुठीतून माती सुटेचना, मूठ उघडावी लागली. ती मी उघडली.

म्हणून तुला तो कोंडवाडा जमीनदोस्त करायचाय. बरोबर आहे तुझं. मला पण एक काळ असंच वाटायचं. शाळेत जाताना मी लांबचा रस्ता धरायची.

पण ऐक. तो पाडलास की काय उरेल? ताप उरेल. नोंदवहीत आकाराम धनगर तापानं मेला. दुसरा पुरावा त्या काळ्या दगडाशिवाय कुठंच नाही. संस्थानच्या काळातलं बांधकाम, चुन्यात बसवलेलं, दीड हात जाडीची भिंत. तू जेसीबी घातलास तरी तीनच दगड निघाले, तेव्हा तुझ्याच डोळ्यांत मी बघितलं. पाडणारा माणूस बांधणाऱ्याला ओळखतो. मध्ये पाण्याची दगडी डोण आहे, ती अजून गळत नाही. राखणदाराची खोली उन्हाळ्यातही गार असते. स्वप्नाली म्हणते, दार रुंद करायचं, अंगणाच्या अर्ध्या भागावर छप्पर टाकायचं, बाकीचं हात न लावता तसंच ठेवायचं. एका बाजूला बायकांनी लोकर पिंजायची, सूत काढायचं, घोंगडी विणायची. आज कातरलेली लोकर आपण उकिरड्यावर टाकतो, तुला माहीत आहे का? आणि दर शनिवारी मेंढरांचा डॉक्टर. ज्या जागी मेंढरं कोंडायचे, त्या जागी मेंढरांना औषध. आणि दारावर एक पाटी: इथं आकाराम बिरू धनगर यांना मारलं. कुणी मारलं, कधी मारलं. बस.

ती पाटी हंबीररावाला रोज वाचायला लागेल. मरायच्या आधी एकदा तरी त्याची चहाची बशी हातातून पडू दे.

तुझी आक्का


पिंपरखडी
२ जानेवारी २०२४

बिराप्पा,

या वेळी पत्र परत आलं नाही. कदाचित न फोडता कुठंतरी टाकलं असशील. तरी लिहिते.

परवा पहाटे धनगरवाड्यातली पोरं ओरडत आली. कोंडवाड्याच्या दारावर माझा एडका टांगलेला होता. ढवळ्या. तू कधी पाहिला नाहीस, मी रिटायर झाल्यावर पाळला होता, भाकरीचा तुकडा दाखवला की ढुसण्या द्यायचा. पोट उभं फाडून आतडी बाहेर काढलेली, शिंगाला स्वप्नालीनं पंचायतीत दिलेली नकाशाची प्रत सुतळीनं बांधलेली. खाली उंबऱ्यावर रक्त गोठून काळं झालं होतं. स्वप्नालीनं पोरांना मागं नेलं. मी एका हातानं कुऱ्हाड घेतली, दोरी तोडली, आणि तशीच रक्तानं भरलेल्या लुगड्यानं हंबीररावाच्या घरी गेले.

तो ओसरीवर दाढी करून घेत होता. बहात्तर वर्षांचा झाला, मान हलते, पण सुंभ जळला तरी पीळ गेला नाही. मी कुऱ्हाड त्याच्या पायाजवळ टाकली.

म्हणाला, “मास्तरीण, मेंढरू न्हवं का ते? कवा ना कवा कापायचंच हुतं.”

मी म्हटलं, “माझ्या बापालाही असंच म्हणाला होतास का?”

न्हावी वस्तरा घेऊन तसाच उभा राहिला. हंबीररावानं त्याला जायला सांगितलं. मग म्हणाला, “कोण म्हनतं मारला? कुठं लिवलंय? तापानं गेला तुझा बाप. ती भिंत एकदा का गेली, मग कोन कुनाला इचारतंय? तवा भिंतीला हात नगं लावू म्हनू नगंस. तुझ्या भावालाच ती पाडायची हाय. त्याच्याच हातनं पडू दे. लय मजा हाय बघ त्यात.”

बघ, बिराप्पा. त्याला मजा वाटते. बापाला मारलं त्यानं, आणि पुरावा पुसायला पोराला मजुरीवर लावलं.

तो आणखीही बोलला. ते मी आज लिहीत नाही. पण त्यानं मला मुदत दिली आहे: ग्रामसभेआधी विरोध मागं घे, न्हाईतर.

तू धनगरवाड्यात फोन करून सांगितलंस म्हणे, “आक्काच्या नादाला लागू नका, तिला डोकं न्हाई.” डोकं आहे रे. डोक्यात काय आहे तेच तुला सांगता येत नाही.

खांदा दुखतो. थंडी लय आहे या वर्षी.

तुझी आक्का


पिंपरखडी
१७ जानेवारी २०२४

बिरू,

हे पत्र स्वप्नालीच्या हाती पाठवते आहे. तिला सांगितलंय, तुझ्या हातात द्यायचं आणि तू पूर्ण वाचेपर्यंत समोर उभं राहायचं. तिला आत काय आहे माहीत नाही. तिला मारू नकोस. मारायचंच असेल तर इथं ये, मी घरातच आहे.

हंबीररावानं मुदत दिली म्हटलं ना, ती कशाची, ते सांगते. तो म्हणाला, “मी त्या दिशी बांधावर उभा हुतो. कळपाम्होरं कोन हुतं, मला दिसलं हुतं. आणि भिंतीच्या फटीतनं तू बापाला काय सांगितलंस, ते बी मी ऐकलं हुतं. सांगू का बिराप्पाला?” त्यानं सांगण्यापेक्षा मी सांगते. एवढी एकच गोष्ट आता माझ्या हातात उरली आहे.

कळपाच्या पुढं मी होते.

तू मागं होतास. नुकतं जन्मलेलं कोकरू तुझ्या काखेत होतं, आणि मागं राहिलेल्या म्हाताऱ्या मेंढ्या तू हाकत होतास. नऊ वर्षांचं पोर, कळपाच्या धुळीत तुला पुढचं काहीच दिसत नव्हतं. मेंढरं पुढच्या माणसामागं जातात, मागच्याच्या ओरडण्यानं वळत नाहीत, हे तुला आता सांगायला नको. डहाळी मी पाहिली. शाळूही पाहिला. उभ्या पिकात कुणी मेंढरं बसवत नाही, एवढं मला बाराव्या वर्षी नक्की कळत होतं. पण पाय सोलले होते, ओढा ओलांडायचा कंटाळा आला होता. मनात म्हटलं, शाळूच्या कडेला पड रान असेल, तिथंच बोलावलं असेल. डहाळी आहे ना! आणि मी वळले. मी वळले म्हणून कळप वळला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हंबीरराव जेवायला गेला तेव्हा मी फटीला तोंड लावलं. आबा भिंतीला टेकून पडले होते. एक डोळा सुजून बंद झाला होता. पाणी मागितलं, फटीतून ओंजळ पोचत नव्हती. मग त्यांनी विचारलं, “म्होरं कोन हुतं गं?”

मी म्हटलं, “बिरू.”

एवढंच. एक शब्द. भीतीनं म्हटलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. तेही खोटं. मला आबांची लाडकी राहायचं होतं. ते मला शाळेत घालणार होते, सगळ्या धनगरवाड्यात एकट्या मला. मला वाटलं, बिरू लहान आहे, त्याला कोण काय करणार, दोन फटके बसतील. आबा सुटून येतील आणि सगळं विसरतील.

आबा अकरा दिवस जगले. अकराही दिवस मला तोंड होतं. आई तुला दाव्यानं मारत होती तेव्हा मी चूल पेटवत होते. तू रडत सांगत होतास, “मी म्होरं न्हवतो, मी म्होरं न्हवतो,” आणि सगळे म्हणत होते, वर खोटं बोलतो. हळूहळू तू तसं म्हणायचं सोडून दिलंस. पुढं एकदा तूच मला म्हणालास, “आक्का, मीच घातली मेंढरं. आबा माझ्यामुळं गेलं.” तेव्हा तू चौदा वर्षांचा होतास, दुसऱ्या दिवशी खडी फोडायला सांगलीला निघून गेलास. त्या रात्रीही मी बोलले नाही. माझा डी.एड.ला नंबर लागला होता.

तुझा हात जो उठतो, बायकोवर उठला, पोरीवर उठला, माझ्यावर उठला, तो हात तुझा नाही बिरू. तो मी तुझ्या अंगाला लावून दिला. माझ्या खांद्याची दोन हाडं मोडली तेव्हा दुखण्याआधी मला वाटलं होतं, चला, सुरुवात तरी झाली.

मला कोंडवाडा का ठेवायचा आहे, याची मी तुला शंभर कारणं लिहिली. लोकर खरी, डॉक्टर खरा, बापाची पाटीही खरी. पण जेसीबीसमोर मी उभी राहिले ते यातल्या कशासाठीच नाही. तू तो पाडणार होतास तुझं पाप म्हणून. जे पाप तुझं नाहीच, ते तू तुझ्या हातानं ढिगाऱ्याखाली पुरणार होतास, आणि मी कायमची सुटणार होते. मला सुटायचं नव्हतं. सांगायचं धाडसही नव्हतं. म्हणून नुसती दारात उभी राहिले.

आता ठरव. सव्वीस तारखेला तू ‘पाडा’ म्हटलंस तर मी तोंडातून शब्द काढणार नाही. बाजूला उभी राहून बघेन. माफी मागत नाही. मागायची लाज वाटते.

मंगल


पिंपरखडी
४ फेब्रुवारी २०२४

बिराप्पा,

तुझ्या डोक्याला सात टाके पडले असं स्वप्नालीकडून कळलं. टाके काढेपर्यंत तुझ्या पाडकामाच्या यार्डात जाऊ नकोस. ऐकणार नाहीस, तरी लिहिते.

ग्रामसभेचं लिहून ठेवायला हवं. तू तिथं होतास, पण तुझ्या डोळ्यांत रक्त उतरत होतं, सगळं दिसलं नसेल.

झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या पटांगणात खुर्च्या मांडल्या. उदयसिंहानं गाळ्यांचं चित्र दाखवलं, नफा सांगितला, आणि म्हणाला, “आता बिराप्पा बोलंल. धनगरवाडा त्याच्या मागं हाय.” तू मागच्या भिंतीला टेकून उभा होतास. नऊ दिवसांत तू पत्राला उत्तर दिलं नव्हतंस. स्वप्नालीनं एवढंच सांगितलं होतं की तू वाचलंस, दोनदा वाचलंस, आणि मग यार्डात जाऊन संध्याकाळपर्यंत घणानं एक जुना खांब फोडत बसलास.

तू पुढं आलास. हंबीरराव पहिल्या रांगेत होता. तुला बोलूच देईना. “आरं बिराप्पा, आधी तुझ्या भनीला इचार, त्या दिशी म्होरं...”

तू म्हणालास, “मला ठावं हाय.”

मग तू एवढ्या हळू बोललास की मागचे लोक पुढं सरकले. “माझ्या भनीचं मी बगून घीन, हंबीरराव. तुमी फकस्त एवढं सांगा, ज्यानं माझ्या बापाचा गुडघा फोडला तो अडसर कुठं ठेवलाय?”

पन्नास वर्षांत ते वाक्य गावात पहिल्यांदा उच्चारलं गेलं. बायकांच्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला. उदयसिंहाच्या माणसांनी खुर्ची उचलली. तुझ्या टाळूवर ती मोडली तो आवाज मला ऐकू आला, आणि मला वाटलं, झालं, माझ्या शब्दानं दुसराही मारला. पण तू पडला नाहीस. मग धनगरवाडा उठला. नोव्हेंबरात माझ्यावर दगड पडला तेव्हा न हललेली माणसं काठ्या घेऊन उठली. उदयसिंहाचं नाक फुटलं, त्याच्या चुलत्याचा हात मोडला, ध्वनिक्षेपकाचा खांब आडवा झाला. हंबीरराव पळू शकत नव्हता. खुर्चीत हात डोक्यावर घेऊन बसला होता आणि त्याचं धोतर ओलं झालं होतं. तू त्याच्यासमोर उभा होतास. हात वर गेला होता. मी बघितलं. मग तू तो खाली घेतलास आणि बाजूचा टॉवेल उचलून स्वतःच्या डोक्याला दाबलास.

दोन हवालदारांनी सगळ्यांना बसवलं. ग्रामसेवक म्हणाला, ठराव मताला टाकू का?

तू म्हणालास, “भिंत ऱ्हाऊ द्या. लोकर करा, डॉक्टर आना, काय करायचं ते करा. दुरुस्तीला माणसं माझी. पर एक गोष्ट लिवून घ्या. राखन हिनं करायची. किल्ली हिच्याजवळ. रोज उघडायचा हिनं, रोज लावायचा हिनं, आणि पाटीवर बापाचं नाव पुसट झालं की परत रंगवायचं हिनंच. मरूस्तवर.”

तू माझ्याकडं बोट दाखवलंस. आणि अख्खी सभा टाळ्या वाजवायला लागली. चाळीस घरांचे हात वर गेले. लोक म्हणत होते, भावानं बहिणीचा केवढा मान केला! लालासाहेबांच्या सुनेनं मला मिठी मारली, नेमकी मोडक्या खांद्यावर. कुणीतरी झेंड्याला घातलेला हार काढून माझ्या गळ्यात घातला. स्वप्नाली रडत हसत होती. ग्रामसेवकानं ‘सन्माननीय’ असा शब्द घालून ठराव लिहिला.

ती शिक्षा होती, हे त्या गर्दीत दोघांनाच कळलं. तू माझ्यासमोरून गेलास आणि थांबला नाहीस.

तुझी माणसं सोमवारपासून आली आहेत. चांगली आहेत, चुन्यात हात घालायला अजून बिचकतात, स्वप्नाली शिकवते. तू निखळवलेले तीन दगड त्यांनी पुन्हा बसवले. एकावर माझ्या रक्ताचा डाग होता. मुकादमानं विचारलं, धुऊ का? मी म्हटलं, डागाची बाजू आत घाल.

सकाळी आठला उघडते, संध्याकाळी सहाला लावते. मागच्या भिंतीजवळ झाडायला अजून जमत नाही, पण झाडते. काल शनिवार होता, डॉक्टर पहिल्यांदा आले. माणदेशातून एक बाई लंगडी मेंढी घेऊन आली होती. दारात थबकली, आत यायला घाबरत होती. तिला कुणी सांगितलं होतं म्हणे, हा कोंडवाडा आहे. तिनं मला विचारलं, “आवं बाई, हितं राखनदार कोन हाय? मारत न्हाई न्हवं?”

मी म्हटलं, “मी आहे. ये आत.”

उत्तराची वाट बघत नाही.

मंगल आकाराम धनगर
राखणदार, पिंपरखडी कोंडवाडा